सिंह (सध्या गाय)

सुंदरराव कारखान्याच्या प्राणिसंग्रहालयाचे विभागप्रमुख होते आणि त्यांच्या विभागात चार ससे, दोन बदकं आणि एक टर्की कोंबडा एवढीच मंडळी होती. संख्या लहान असली तरी विभाग तो विभाग. रोज सकाळी साडेआठला हजेरी होई, रजिस्टरवर सही होई, आणि सात वर्षांत टर्कीची एकही गैरहजेरी लागलेली नव्हती. शेतकी विभागातल्या कुणाबद्दल असं छातीठोक सांगता आलं नसतं.

कारखाना वडवणीबाहेरच्या माळावर होता आणि सहकारी होता. नाव सांगत नाही, कारण सभासदांच्या भावना दुखावतात आणि सभासद साडेनऊ हजार आहेत. अकरा वर्षांपूर्वी चेअरमन सगळ्या संचालकांना घेऊन पश्चिम महाराष्ट्रात अभ्यासदौऱ्याला गेले. अभ्यास काय झाला देव जाणे, पण तिकडच्या एका कारखान्याच्या बागेत त्यांनी हरणं पाहिली. "त्यांच्याकडं हरणं, मग आपल्याकडं वाघ कावून नको?" असं त्यांनी परतीच्या गाडीतच विचारलं आणि पुढच्या सभेत ठराव एकमतानं मंजूर झाला. बारा पिंजरे उभे राहिले. वाघाच्या पिंजऱ्यात सिमेंटची गुहासुद्धा झाली. पेंटरनं बारा पाट्या रंगवल्या: वाघ, सिंह, अस्वल, हरिण, तरस, कोल्हा आणि पुढं असंच. मग एक सरकारी पत्र आलं. जंगली प्राणी असे कुणालाही ठेवता येत नाहीत, परवानगी लागते, आणि ती मिळण्याची शक्यता दिसत नाही, असा त्याचा मतलब होता. चेअरमनांनी पत्र वाचलं आणि ते मंगल कार्यालय बांधायच्या नादाला लागले.

वाट बघत राहिले ते एकटे सुंदरराव. त्यांनी परवानगीसाठी एकेचाळीस पत्रं लिहिली. उत्तरं आली तीन, त्यातलं एक चुकून दुसऱ्याचं होतं. तरी रोज सकाळी ते स्वतः वाघाचा पिंजरा झाडत आणि हौदात पाणी भरत. वाघ उद्या आला आणि म्हणाला, इथं काय हा कचरा, तर कुणाची मान खाली जाईल? ही त्यांची विचार करण्याची पद्धत होती.

खरं कारण जरा निराळं होतं आणि ते त्यांनी बायको वत्सलाबाईंशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. सातवीत असताना शाळेची सहल लांबच्या एका शहरात प्राणी बघायला गेली होती. ट्रक पोचला तो नेमका बंदच्या वारी. पोरं फाटकाला लोंबकळली, गुरुजींनी रखवालदाराच्या मिनतवाऱ्या केल्या, काही उपयोग झाला नाही. पण फाटकाच्या आतून, झाडांच्या पलीकडून, एक डरकाळी ऐकू आली. बाकीची पोरं शेवचिवडा खायला पळाली. सुंदरराव मात्र पुन्हा एकदा ऐकू येईल म्हणून ट्रक निघेपर्यंत तिथंच उभे होते. ती दुसरी डरकाळी त्यांना अजून ऐकायची होती. आता ते छप्पन वर्षांचे होते.

दोन हजार बारा साली पाऊस आला नाही. ऊस नाही म्हणून कारखाना बंद, आणि माणसं घरी. सुंदररावांचा विभाग तेवढा चालू राहिला, कारण तो बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. बागेतली विहीर दसऱ्याच्या आधीच आटली. घरचा पिण्याचा हंडा सशांसोबत वाटून घ्यायची वेळ आली, तेव्हा सुंदररावांनी तालुक्याला टँकरसाठी अर्ज केला.

त्याच आठवड्यात वत्सलाबाई गप्प झाल्या.

त्या गप्प झाल्या की क्वार्टरमध्ये भांड्यांचा आवाजही बंद होई. तीन दिवसांनी सुंदररावांनी विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाई. आश्रुबा कर्नाटकात चाललाय, ऊसतोडीच्या टोळीसंगं. अंजनाबी चाललीय. घराला कुलूप. तांबूला बाजारात काढणार हायती."

आश्रुबा हा वत्सलाबाईंचा धाकटा भाऊ, अंजना त्याची बायको, आणि तांबू ही गाय. वत्सलाबाईंची आई गेली तेव्हा तांबू कालवड होती, आणि जायच्या आदल्या दिवशी आईनं तिचा कासरा लेकीच्या हातात दिला होता. पण क्वार्टरमध्ये जनावर पाळण्यास सक्त मनाई होती. तशी नोटीसच होती, आणि ती सुंदररावांनीच टाइप केलेली होती. म्हणून तांबू पाटोद्याकडे माहेरीच राहिली. आता ती बारा वर्षांची झाली होती, दूध आटलेलं. अशी गाय दुष्काळात बाजारात गेली की पुढं कुठं जाते, हे वत्सलाबाईंना कुणी सांगायला नको होतं.

"मग त्याला म्हणावं थांब जरा," सुंदरराव म्हणाले.

"कोण म्हणणार? तुमी बोलता का त्याच्याशी?"

इथं थोडं थांबून आहेराचं प्रकरण सांगावं लागेल. नऊ वर्षांपूर्वी आश्रुबाच्या लग्नात लाउडस्पीकरवर मानाच्या आहेराची नावं पुकारली. पहिलं नाव साडूचं. साडू वयानं लहान, नात्यानं लहान, पण पाटोद्यात पतसंस्थेत होता. मग मामा, मग मावसा, मग कारखान्याचा ट्रक देणारा कुणी एक. सुंदरराव उठून, सदरा नीट करून बसले होते. शेवटी लाउडस्पीकर म्हणाला, "आणि इतर पाहुणे मंडळी." सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा, विभागप्रमुख, आणि इतर पाहुणे मंडळी! ते टॉवेल-टोपी न घेता मांडवातून उठले आणि नऊ वर्षांत त्या उंबऱ्याला पाय लावला नाही. वत्सलाबाईंना त्यांनी जाऊ नको असं कधीच म्हटलं नाही. फक्त त्या माहेरचं नाव काढत तेव्हा ते पेपर उघडत. त्या गेल्या नाहीत. माहेरचं म्हणावं असं तिकडं एक गायच उरली होती, आणि तिची खुशाली त्या मधूनमधून अंजनाला फोनवर विचारत.

टँकरच्या अर्जाचं उत्तर आलं. प्राणिसंग्रहालयास रोज एक टँकर देता येईल, मात्र तिथं किमान बारा प्रकारचे प्राणी असावेत. पाळीव कुत्री व मांजरे धरली जाणार नाहीत. दहा दिवसांत तपासणी होईल.

सुंदररावांनी पत्र चार वेळा वाचलं. त्यांच्याकडे प्रकार तीन होते. पण एकतीस वर्षं कागदात काढलेल्या माणसाला कागदात जे लिहिलेलं नसतं ते आधी दिसतं. कुत्री आणि मांजरे नकोत. म्हणजे गाय चालेल. गाय नको असं कुठंही म्हटलेलं नाही. शिवाय कारखान्याच्या गोदामात उसाच्या बैलगाड्यांसाठी साठवलेला कडबा तसाच पडून होता. बैलांचा हंगाम आलाच नव्हता. चारा होता, पाणी तेवढं हवं होतं.

त्यांनी पत्राची घडी केली, पेपर उघडला आणि पेपराच्या आडून म्हणाले, "तुझ्या भावाला कळव. गाय इकडं आणून सोड म्हणावं. कार्यालयीन कामासाठी हवीय."

वत्सलाबाईंनी पेपर खाली ओढला आणि त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मग भांड्यांचा आवाज सुरू झाला.

तांबू टेम्पोतून आली. आश्रुबा टेम्पोपाशीच उभा राहिला. "अक्का, दाजींना सांग, हिला उजव्या अंगाला बांधावं लागतं," तो म्हणाला. दाजी दोन हातांच्या अंतरावर उभे होते. "तुझ्या भावाला सांग, इथं जनावरं बांधत नाहीत, पिंजऱ्यात ठेवतात," दाजी म्हणाले. वत्सलाबाईंनी दोन्ही निरोप पोचवले.

पिंजऱ्यावरून वाद झाला. वत्सलाबाईंना वाघाचा पिंजरा हवा होता, कारण त्याच्यावर लिंबाची सावली होती. सुंदररावांनी साफ नकार दिला. "उद्या वाघ आला तर?" शेवटी तांबू सिंहाच्या पिंजऱ्यात गेली. पाटी पुसायला सुंदरराव तयार नव्हते, पाटी ही कारखान्याची मालमत्ता. त्यांनी खाली एक दगडी पाटी लटकवली आणि खडूनं वळणदार अक्षरात लिहिलं: (सध्या गाय).

ही बातमी गावात न्यायचं काम बिभीषणनं केलं. बिभीषण कारखान्याच्या काट्यावरचा क्लार्क. वजन करायला ऊस नव्हता, म्हणून तो आता लोकांच्या भानगडींचं वजन करत फिरे. "सुंदरराव, बारा म्हंजी काय अवघड हाय? तांबडी गाय एक, पांढरी गाय दोन, बांडी गाय तीन!"

"प्रकार, बिभीषण. रंग नाही."

"मग म्हैस आना. माझ्या चुलत्याची हाय, लई गरीब हाय."

म्हैस अस्वलाच्या पिंजऱ्यात आली आणि एवढी गरीब होती की तिनं पहिल्याच दिवशी दार काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी टोळीसोबत निघालेली कडूबाई शेळी घेऊन आली. "हिला ठिवा साहेब. हिच्याबिगर माझं कुनी न्हाई." शेळी हरणाच्या पिंजऱ्यात गेली आणि हरणाची अर्धी पाटी खाऊन बसली. सटवानं मेंढी आणली, आणि एकच ठेवता येईल म्हटल्यावर उरलेल्या एकोणतीस मेंढ्यांकडे बघून तो रस्त्यावरच बसला. सिदूनं गाढव आणलं. आसारामनं वरातीची घोडी आणली. लग्नं पुढं ढकलली होती, घोडी रिकामी होती, आणि बँडचा आवाज कुठूनही आला की ती पिंजऱ्यात मागचे पाय उचलून नाचे. भिवराबाईंच्या कोंबड्या सशांच्या जाळीत गेल्या आणि सशांची झोप उडाली. गेवराईकडे कुणीतरी इमू पाळायच्या स्कीममध्ये बुडालेला होता. एक दिवस सकाळी फाटकाला दोरीनं बांधलेला इमू उभा होता. चिठ्ठीत लिहिलं होतं, "याला माफ करा."

प्रत्येक जण जनावर देताना तेच म्हणत होता, पावसापर्यंत सांभाळा. सुंदरराव प्रत्येकाला सांगत होते की ही छावणी नाही, हे प्राणिसंग्रहालय आहे, इथं सोय म्हणून नव्हे तर प्रदर्शन म्हणून जनावर ठेवलं जातं. लोक मान डोलवत आणि जाताना जनावराच्या कपाळाला हात लावून डोळे पुसत.

ससा, बदक, टर्की, गाय, म्हैस, शेळी, मेंढी, गाढव, घोडी, इमू, कोंबडी. अकरा झाले. बाराव्यासाठी बिभीषणनं कबुतरांची जोडी आणली आणि ती तरसाच्या पिंजऱ्यात सोडली. पिंजरा तरसासाठी होता, गज तरसाच्या मापाचे होते. तपासणीच्या दिवशी सकाळी कबुतरं गजांमधून चालत बाहेर आली, थोडा वेळ फाटकावर बसली आणि मग उडून गेली.

"मांजर पांढरं केलं तर?" बिभीषणनं विचारलं.

"तू घरी जा."

साहेब अकराला आले. तिशीतला माणूस, डोळ्यांखाली झोप नसल्याच्या खुणा, हातात जाड फाईल. टोळ्या, टँकर, मोर्चे यांतून तो आला होता. त्यानं पाट्या वाचायला सुरुवात केली. अस्वल (सध्या म्हैस). कोल्हा (सध्या गाढव). सुंदररावांचे कान गरम झाले. हा माणूस आता हसेल, आणि हसला तर एकतीस वर्षांची नोकरी त्या हसण्यात जाईल, असं त्यांना वाटलं. साहेब हसला नाही. तो सिंहाच्या पिंजऱ्यापाशी थांबला. आत वत्सलाबाई तांबूच्या गळ्याखाली खाजवत होत्या. तांबूनं गजांतून मान काढून साहेबाची घामेजलेली बाही चाटली.

"कुणाची?"

"संग्रहालयाची," सुंदरराव म्हणाले.

"माज्या माहेरची," वत्सलाबाई म्हणाल्या, अगदी त्याच वेळी.

साहेबानं बाही मागं घेतली नाही. "आमच्याकडंबी होती अशीच," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याची भाषा इथली वाटली. "मी कॉलेजात असताना इकली वडलांनी. मला न सांगता." मग त्यानं खिशातून पेन काढलं. "अकरा झाले. बारावा?"

सुंदररावांनी कागदावर कधी खोटं लिहिलं नव्हतं, तोंडानंही फारसं नाही. सांगण्यासारखं खूप होतं. कबुतरं होती, पण गेली, हे खरं होतं. मुदतवाढ मागता आली असती, अर्जाचा नमुनाही त्यांना पाठ होता. त्यांनी वत्सलाबाईंकडे बघितलं. त्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या. तांबूचा कान हातात धरून जमिनीकडे बघत होत्या, आणि त्या काहीच मागणार नाहीत हे सुंदररावांना माहीत होतं, कारण नऊ वर्षांत त्यांनी काही मागितलं नव्हतं.

"वाघ," सुंदरराव म्हणाले.

"वाघ?"

"आत आहे. गुहेत. झोपलाय."

साहेब वाघाच्या पिंजऱ्यापाशी गेला. फरशीवर सकाळच्या केरसुणीच्या रेघा होत्या. दुष्काळात सगळ्या माळावर नसेल एवढं स्वच्छ पाणी हौदात होतं. दगडी पाटी इथं नव्हती, नुसतंच लिहिलं होतं, वाघ. तो बराच वेळ गुहेच्या काळोखाकडे बघत राहिला.

"किती वर्षं झाली?"

"अकरा वर्षं रोज झाडतो, साहेब," सुंदरराव म्हणाले, आणि हे तरी खरं बोललो म्हणून त्यांना जरा बरं वाटलं.

"झोपू द्या," साहेब हळू आवाजात म्हणाला. "उठवू नका." आणि त्यानं कागदावर सही केली.

टँकर सुरू झाला. टोळ्या गेल्या. आणि मग फोन सुरू झाले.

रोज सांजेला, फडावरचं काम आटोपलं की, कर्नाटकातून सुंदररावांच्या मोबाईलची घंटी वाजे. "साहेब, माजी शेळी खाती का?" "साहेब, गाढवाला जरा फोन द्या की." पहिल्या दिवशी सुंदररावांनी सुनावलं की विभागप्रमुखाला काही प्रतिष्ठा असते. पलीकडून सिदू म्हणाला, "न्हाई, त्येला रातचं माजा आवाज आयकायची सवं हाय." सुंदररावांनी इकडं तिकडं बघितलं, कुणी नव्हतं, आणि फोन गाढवाच्या कानाला लावला. गाढवाचे दोन्ही कान उभे राहिले. त्यानंतर सात ते आठ ही वेळ त्यासाठीच ठरली. कडूबाईचं बोलणं संपायचं नाही, शेळी मधेच फोन खायला बघायची. एकदा बिभीषणनं त्यांना घोडीच्या कानाला फोन लावून, "आसाराम विचारतोय जेवलीस का," असं सांगताना पकडलं. सुंदररावांनी ते कार्यालयीन काम असल्याचं सांगितलं.

आश्रुबाचा फोन वत्सलाबाईंच्या मोबाईलवर येई. "अक्का, दाजींना सांग, तांबूच्या शिंगाला तेल लावा." "तुझ्या भावाला सांग, लावलंय." संक्रांतीच्या सुमारास एकदा वत्सलाबाई पाणी आणायला गेल्या होत्या आणि फोन वाजतच राहिला. सुंदररावांनी तो उचलला. दोन्हीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

"तांबू बरी हाय का?" आश्रुबानं शेवटी विचारलं.

"बरी आहे." मग सुंदररावांना वाटलं, एवढंच बोलणं बरं नाही. "तुम्ही बरे आहात का?"

"हाव, दाजी," पलीकडून आवाज आला.

जूनमध्ये पाऊस आला, माणसं आली आणि एकेक जनावर घरी गेलं. सुंदरराव प्रत्येकाची रीतसर पोच घेत होते. सटवाच्या एकोणतीसांतल्या चारच मेंढ्या उरल्या होत्या, आणि पिंजऱ्यातली पाचवी. तिला त्यानं खांद्यावर उचलून नेलं. इमूला न्यायला मात्र कुणी आलं नाही.

आश्रुबा सगळ्यात शेवटी आला. या खेपेला तो टेम्पोपाशी थांबला नाही. सरळ सिंहाच्या पिंजऱ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं पिशवीतून टॉवेल आणि टोपी काढली. मग दोन्ही हातांचा कर्णा तोंडापुढं धरून, समोर फक्त एक इमू, चार ससे, दोन बदकं आणि टर्की असताना, तो मांडवातल्यासारखा ओरडला, "मानाचा पयला आहेर! आमचे थोरले दाजी, सुंदरराव, इभागप्रमुख!"

सुंदररावांनी सदरा नीट करून डोकं पुढं केलं. टोपी जरा मोठी होती. ती डोळ्यांवर आली हे बरंच झालं.

"अक्कालाबी नेतो, दाजी. आठ दिस. नऊ वर्सं झाली."

"न्या की," सुंदरराव म्हणाले. "मी कधी नको म्हटलंय?"

टेम्पोत मागं तांबू आणि तिच्याजवळ, पुढं बसा म्हटलं तरी न ऐकता, वत्सलाबाई. टेम्पो फाटकाबाहेर वळला तेव्हा त्यांनी एक हात गायीच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्यानं पदर सावरला. त्या एवढ्या हसताना सुंदररावांना बऱ्याच वर्षांत दिसल्या नव्हत्या.

पहिल्या दिवशी सुंदररावांनी हजेरी घेतली, वाघाचा पिंजरा झाडला आणि सिंहाच्या पिंजऱ्यापुढची दगडी पाटी पुसायला घेतली. पुसली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पिठलं केलं आणि इमूला दिलं. तिसऱ्या दिवशी सांजेला सात वाजता ते मोबाईल हातात घेऊन पायरीवर बसले. आता कुणाचा फोन यायचं कारण नव्हतं. आठ वाजले. मग त्यांनीच फोन लावला.

"काय वो?" वत्सलाबाईंचा आवाज आला. मागं बायकांचं हसणं, भाकरी थापल्याचा आवाज. "जेवलात का? वाघ कसा हाय?"

"झोपलाय."

"बरं. आनि काय?"

"काही नाही." सुंदररावांनी अंधारात गुहेकडे बघितलं. एकतीस वर्षांत इतक्या अर्जांचे नमुने पाठ झाले, पण याचा नमुना त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी घसा साफ केला. "तांबू आहे का जवळ? तिला दे जरा फोन."

पलीकडं पावलं वाजली. गोठ्याचं दार, साखळी, मग शांतता. मग एक श्वास. सुंदररावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"करमत नाही गं," ते म्हणाले.

थोडा वेळ नुसताच श्वास ऐकू आला.

"परवा सकाळच्या यष्टीनं येते," तांबू म्हणाली.